अकरा सतराची नोंद

१

भूगोलाचा पेपर बुधवारी सकाळी फुटला आणि बुधवारी दुपारी चोर सापडलासुद्धा. चोर इतका झटपट सापडला की ओळखावं, नीट शोधायची इच्छा कोणालाच नव्हती.

परीक्षेला चार दिवस असताना प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानाचा फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागला. फोटो कागदाचा नव्हता, संगणकाच्या स्क्रीनचा होता. परीक्षा विभागाने ताबडतोब लॉग काढला. कोणी, कधी, कोणती पत्रिका उघडली याची यंत्रणा आपली आपण ठेवते ती नोंद म्हणजे लॉग. सात नंबरच्या पत्रिकेपुढे त्या आठवड्यात एकच ओळ होती: सोमवार, अकरा वाजून सतरा मिनिटं, मुद्रितशोधक तीन, उघडली.

मुद्रितशोधक तीन म्हणजे वहिनी. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि उकार सरळ करत बसलेली बाई. भूगोलाची पत्रिका त्यांच्याकडे तपासायला दिलेलीच नव्हती, ज्याला दिली होती तो आजारी पडून रजेवर होता. आणि आपली नसलेली पत्रिका उघडायची नाही, हा विभागाचा पहिला नियम.

मग काय, वहिनींची पर्स चौघांदेखत टेबलावर उपडी झाली. निघालं काय, तर लाल पेन्सिलीचे दोन तुकडे, गुडघेदुखीच्या गोळ्या आणि एक खोडरबर. तरीही त्यांना निलंबनाचं पत्र देऊन पहारेकऱ्यासोबत फाटकापर्यंत पोचवण्यात आलं. शुक्रवारी तीन वाजता चौकशी. सोबत एक मदतनीस आणता येईल, असं पत्रात उपकार केल्यासारखं लिहिलं होतं.

मदतनीस म्हणून कोण जाणार, हे विचारायची गरज नव्हती. वहिनींची धाकटी नणंद एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणीचं काम करायची. इतरांनी बनवलेलं तासन्‌तास चाळायचं आणि त्यातली खुसपटं काढायची, हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. कंपनीत तिला खुसपटताई म्हणत, आधी पाठीमागे आणि हल्ली तोंडावर. राग तिच्या नाकावर असायचा. बुधवारी संध्याकाळी तर तो नाकावरून केव्हाच वर चढला होता.

"वन्सं, मी ती पत्रिका उघडली नाही," वहिनी म्हणाल्या. बाहेरून आल्यापासून त्यांनी चपलाही काढल्या नव्हत्या.

"मग लॉग खोटं बोलतो का?"

"ते मला काय ठाऊक. मी उघडली नाही. नोकरीचं एक वेळ राहू द्या, पण त्या यादीत माझ्या नावापुढे 'उघडली' असं लिहिलंय ना, ते खोडायला सांगा. बावीस वर्षांत माझ्या हातून चूक सुटली नाही, आणि ही माझ्याच नावावर."

वहिनी खोटं बोलत नाहीत, हे ताईला ठाऊक होतं. पण ती यंत्रणा तिच्याच कंपनीने बनवलेली होती. लॉग खोटं बोलत नाही, हे स्वतः तपासून, खाली सही करून देणारी तीच होती.

२

गुरुवारी सकाळी ती परीक्षा विभागात पोचली ती भांडायच्याच तयारीने.

मुद्रितशोधकांची खोली वरच्या मजल्यावर, लांब बोळाच्या तोंडाशी. त्याच्याही आधी पहारेकरी बसतो आणि सगळ्यांचे फोन कपाटात ठेवून घेतो. आत फोन नेण्याची मुभा दोघांनाच होती, विभागप्रमुखांना आणि संगणकवाल्याला. त्यांनी येता-जाता वहीत वेळ घालून सही करायची.

खोलीत तीन टेबलं, त्यातलं रजेवर गेलेल्याचं रिकामं. एकापाशी वहिनींची शाल तशीच खुर्चीला टांगलेली. दुसऱ्यापाशी चष्मेवाले काका, जे पंधरा वर्षं वहिनींच्या शेजारी बसत होते आणि आज त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचंही टाळत होते.

"अकरा सतराला तुम्ही दोघंच होतात इथे?"

"दोघंच. ती तिच्या जागेवर, मी माझ्या."

"तिच्या हातात फोन होता?"

"पेन्सिलीशिवाय तिच्या हातात मी काही पाहिलं नाही कधी." काकांनी चष्मा पुसायला घेतला. "थोड्या वेळाने ती काहीतरी पुटपुटत उठून गेली, मग मीही चहाला गेलो."

"हे काल सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला एक वाक्य बोलायलासुद्धा विचारावं लागतं. ती तसं म्हणालीही, आणि काकांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

संगणकवाला खालच्या मजल्यावर तारांच्या गुंत्यात बसलेला. सोमवारचं नाव काढताच तो वैतागला.

"माझ्यावर कशाला घसरता? सोमवारी सकाळभर मी या खुर्चीतून हललो नाही. बारा वाजता यंत्रणा पंधरा मिनिटं बंद ठेवायची होती. अकरा सव्वीसला सगळ्यांच्या स्क्रीनवर पिवळी पट्टी टाकली, तरी बारापर्यंत फोनच फोन. इथला टेलिफोन विचारा, तोच साक्षीदार."

विभागप्रमुख मात्र फार सभ्य निघाले. त्यांनी ताईला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि आवाजात जमेल तेवढं दुःख ओतलं.

"मला मोठ्या बहिणीसारख्या त्या. पण काय करणार? अकरा ते अकरा तेवीस मी खाली बैठकीत होतो, पाच जणांसमोर. नाहीतर कदाचित थांबवलं असतं. कितीदा सांगितलंय सगळ्यांना, नियम पाळा, जागेवरून उठताना स्क्रीन बंद करा. त्या दिवशीही तशीच उघडी टाकून गेल्या. बेफिकिरी ही अशीच वाढत जाते. आणि हे पहिल्यांदा नाही बरं का."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. गेल्या वर्षभरात मुद्रितशोधक तीनने आपल्या नसलेल्या आणखी चार पत्रिका उघडल्याची नोंद होती. तारखा, वेळा, सगळं छापलेलं.

"सवयच दिसते," विभागप्रमुख हळू आवाजात म्हणाले.

ताईने तो कागद घडी घालून पिशवीत कोंबला, तो जरा जास्तच जोराने.

३

घरी येऊन तिने तो फुटलेला फोटो आपल्या लॅपटॉपवर मोठा केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ज्या बाईवर हा फोटो काढल्याचा आरोप आहे तिला तो अजून कोणी दाखवलेलाच नाही. चोर ठरवायची एवढी घाई, की चोरीचा माल ओळखतेस का, हेही विचारायचं राहून गेलं.

"वहिनी, हे बघा जरा."

वहिनी चष्मा लावून बसल्या आणि वाचू लागल्या. वाचताना त्यांनी माउसचा बाण अक्षरांखालून हळूहळू सरकवला, कागदावर पेन्सिल सरकवतात तसा. ओळ निसटू नये म्हणून ही जुनी खोड. वरच्या पिवळ्या पट्टीपासून सुरुवात झाली: 'आज १२ ते १२.१५ यंत्रणा बंद राहील.' तिथे बाण अडला नाही. खालच्या शीर्षकावर मात्र गपकन थांबला.

"अजून तसंच आहे हे? 'भुगोल'. भू दीर्घ हवा ना."

"काय तसंच आहे?"

"अहो, सोमवारी पत्रिकांची यादी वाचताना सातव्या ओळीत हेच दिसलं. मी जाऊन यादीवाल्याला सांगितलं. त्याने माझ्यासमोर दुरुस्त केलं. यादीत बदललं की पत्रिकेवरही बदलतं."

"किती वाजता?"

"मी घड्याळ नाही पाहिलं. यादीवाल्याची खोली बोळाच्या दुसऱ्या टोकाला. गेले, सांगितलं, त्याने केलं. मग म्हणाला, आलाच आहात तर पुढच्या हंगामाची यादीही बघून द्या. तिथेच बसून राहिले बराच वेळ."

ताईने यादीवाल्याला फोन लावला. शीर्षक दुरुस्त केल्याची वेळ त्याच्याकडे नोंदलेली होती, अकरा बावीस. आणि वहिनी त्याच्या खोलीत अकरा चाळीसपर्यंत बसलेल्या होत्या. त्याच्यासोबत दोन टंकलेखकही होते. नाही, त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

ताईने फोन ठेवला आणि फोटोकडे पाहत राहिली. एकच स्क्रीन. शीर्षक चुकलेलं, म्हणजे ते अकरा बावीसच्या आधीचं. पिवळी पट्टी अकरा सव्वीसला टाकलेली, म्हणजे ती त्याच्या नंतरची. हे दोन्ही एका वेळी दिसूच शकत नव्हतं, आणि फोटोत तर दिसत होतं.

४

ज्याने ही यंत्रणा लिहिली त्याला कंपनीत जादूगार म्हणत. शुक्रवारी सकाळी ताई त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली तेव्हा त्याने नुसता तिचा चेहरा पाहून कानांतली गाणी काढली.

"यादीतल्या ओळीवर बाण नेऊन थांबवला, क्लिक केलं नाही, तर काय होतं?"

"अर्धा सेकंद थांबला तर पुढचं पान आगाऊ आणून ठेवतो," जादूगार उत्साहाने म्हणाला. "माणूस जिथे थांबला तिथेच बहुतेक क्लिक करणार. मग जेवणारा बसायच्या आधीच ताट वाढून ठेवायचं. क्लिक केलं की पान झटकन उघडतं, वाट बघायला नको."

"आणि लॉगमध्ये नोंद कधी होते?"

"सर्व्हरने पान दिलं की."

"म्हणजे ताट वाढलं की जेवला."

जादूगाराचा उत्साह जरा ओसरला. "तसं म्हणता येईल."

"समजा पान आगाऊ आलं, आणि दहा मिनिटांनी कोणी त्याच संगणकावर क्लिक केलं?"

"पंधरा मिनिटांच्या आत असेल तर जपून ठेवलेलंच दाखवतो. सर्व्हरला परत कशाला त्रास द्यायचा?"

"तेव्हा नोंद होते?"

"नाही," तो म्हणाला.

"वरची सूचनेची पट्टी?"

"ती वेगळी येते. त्या क्षणाला जी असेल ती."

ताईने टेबलावर हात आपटला. चहाचा कप हलला, शेजारच्यांनी माना वर केल्या. एका निर्दोष बाईची पर्स चौघांदेखत उपडी झाली, ती तुझ्या अर्ध्या सेकंदापायी, वाचण्याआधीच वाचलं म्हणून लिहून टाकणाऱ्या तुझ्या या अगाध हुशारीपायी, असं ती बोलत गेली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

जादूगाराने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने दोन वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी स्क्रीनवर उघडली आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

'पान उघडायला तीन सेकंद लागतात. वापरणारा तोवर म्हातारा होईल. बदला, नाहीतर मी पास करणार नाही.' त्याखाली महिन्याभराने लिहिलेलं, 'आता झकास. पास.'

दोन्हींखाली तिचंच नाव होतं.

५

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली आणि आयुष्यात प्रथमच तिला राग कुठे ठेवावा ते कळेना. दुसऱ्याची खुसपटं काढून जगणारी ती, आणि घरातल्या माणसाच्या गळ्याशी आलेली चूक तिच्याच सहीने पास झालेली. लॉग कधी लिहिला जातो, हा एक साधा प्रश्न तिने विचारला नव्हता. पान झटकन उघडलं, एवढ्यावर ती खूश झाली होती.

पण रडत बसायला वेळ नव्हता. तिने तिकिटाच्या मागे वेळा लिहिल्या. अकरा सतरा हा पत्रिका उघडल्याचा क्षण नव्हताच, तो वहिनींचा बाण 'भुगोल'पाशी थांबल्याचा क्षण होता. पान खरं उघडलं ते पट्टी आल्यावर, अकरा सव्वीसनंतर, आणि तेही वहिनींच्याच संगणकावर, कारण जुनं शीर्षक फक्त तिथेच जपलेलं राहिलं होतं. त्या वेळी वहिनी बोळाच्या दुसऱ्या टोकाला तीन माणसांसमोर बसलेल्या, आणि काका चहाला गेलेले.

फाटकापाशी वहिनी तिची वाट बघत होत्या.

"एक विचारते, खरं सांगा. यादीवाल्याकडे जाताना स्क्रीन बंद केली होती?"

वहिनी ओशाळल्या. "नाही. दोन मिनिटांचं काम वाटलं. परत आले तेव्हा ती आपली आपण बंद झाली होती."

दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की स्क्रीन बंद होते, आणि ती परत उघडायला वहिनींचा परवलीचा शब्द लागतो. त्या अकरा एकोणीसच्या सुमाराला उठल्या असणार. म्हणजे चोराकडे अकरा सव्वीस ते एकोणतीस, एवढी तीनच मिनिटं होती.

"हे तुम्ही कोणाला सांगितलंत? स्क्रीन उघडी राहिली ते?"

"कोणाला सांगणार? लाज वाटते हो. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय."

ताई जागच्या जागी थांबली. काल एका माणसाने तिला खुर्ची दिली होती, पाणी मागवलं होतं, आणि बोलण्याच्या ओघात हेच सांगितलं होतं.

ती वहिनींना तिथेच सोडून पहारेकऱ्याकडे धावली. त्याच्या वहीचं सोमवारचं पान अजून कोणी उलटलेलंही नव्हतं.

६

चौकशी अधिकारी बाई कोरड्या चेहऱ्याच्या होत्या. समोर वही, बाजूला विभागप्रमुख, भिंतीशी काका, संगणकवाला आणि यादीवाला. वहिनी हात मांडीवर ठेवून बसलेल्या, पर्स पायांशी.

"लॉग स्पष्ट आहे," विभागप्रमुखांनी सुरुवात केली. "शिवाय आधीच्या चार नोंदी."

"बाई, एक विनंती आहे," ताई म्हणाली. "तुमच्यासमोरच्या संगणकावर यादी आहे. पाचव्या ओळीवर बाण नेऊन नुसता ठेवा. क्लिक करू नका."

बाईंनी तसं केलं. ताईने संगणकवाल्याला लॉग काढून मोठ्याने वाचायला सांगितलं.

"पत्रिका पाच," संगणकवाला वाचता वाचता अडखळला, "चौकशी अधिकारी, उघडली."

"मी उघडलेली नाही," बाई तुटकपणे म्हणाल्या.

"माझ्या वहिनीही बुधवारपासून हेच सांगताहेत. फरक एवढाच, की तुमची पर्स कोणी उपडी केली नाही."

ताईने चार जुन्या नोंदींचा कागद काढला. त्याशेजारी यादीवाल्याकडून आणलेला दुसरा कागद ठेवला. त्या चारही पत्रिकांच्या शीर्षकात शुद्धलेखनाची चूक होती, आणि चारही चुका वहिनींनी सांगितल्यावर अर्ध्या तासाच्या आत दुरुस्त झाल्या होत्या.

"यांना खरंच एक सवय आहे. चूक दिसली की त्या थांबतात. यांच्या नावावर ज्या नोंदी पडल्या त्या सगळ्या थांबण्याच्या आहेत. आणि ही यंत्रणा मी तपासली होती, बाई. पास असं मीच लिहिलं. त्याचं काय करायचं ते नंतर करा. आधी फोटो बघा."

तिने शीर्षक दाखवलं, पट्टी दाखवली, वेळा सांगितल्या. पान आलं अकरा सतराला, उघडलं गेलं अकरा सव्वीसनंतर. अधिकारी बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"त्या तीन मिनिटांत तिथे कोण होतं?"

"फोटोला फोन लागतो. आत फोन दोघांचेच. संगणकवाला खाली टेलिफोनवर होता." ताईने पहारेकऱ्याची वही पुढे केली. "विभागप्रमुखांची बैठक अकरा तेवीसला संपली. अकरा चोवीसला ते फोन घेऊन वर गेले, अकरा एकतीसला खाली आले. ही त्यांचीच सही. सतराला कोण कुठे होतं, एवढंच सगळ्यांनी विचारलं. त्यामुळे आपण तिथे नव्हतो याचा चोख पुरावा यांना फुकटात मिळाला."

विभागप्रमुख हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकेना. "मी वर जाणं हा गुन्हा आहे का? माझाच विभाग आहे."

"नाही. पण वहिनी स्क्रीन उघडी टाकून गेल्या, हे तुम्ही मला काल सांगितलंत. त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कुठून कळलं?"

विभागप्रमुखांनी काकांकडे पाहिलं. काकांनी यावेळी मान खाली घातली नाही.

"मी नाही सांगितलं," काका म्हणाले. "मला ठाऊकच नव्हतं. आणि काल मी गप्प बसलो, तेही चुकलंच."

"तुमचा फोन टेबलावर ठेवा," अधिकारी बाई विभागप्रमुखांना म्हणाल्या.

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "बहिणीने एकच पान मागितलं होतं," ते शेवटी म्हणाले. "भाच्याचं हे तिसरं वर्ष. ती पुढे पाठवेल असं वाटलं नव्हतं."

"नोंद आपल्या नावावर पडू नये म्हणून माझ्या जागेवर बसलात," वहिनी म्हणाल्या. चौकशीत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "माझ्याच खुर्चीत. आणि वर मला मोठ्या बहिणीसारखी म्हणालात."



पाच वाजता वहिनींना पत्र देण्यात आलं. विभागाच्या वतीने, शिक्क्यासह. लॉगमधली ओळ पुसता येत नव्हती, पण तिच्यापुढे खुलासा जोडला जाणार होता. जादूगाराने फोनवर सांगितलं, की सोमवारपासून 'आगाऊ आणली' आणि 'उघडली' या दोन वेगळ्या नोंदी होतील. ताईने त्याला सांगितलं, की यावेळी ती लवकर पास म्हणणार नाही.

यादीवाला पत्र घेऊन आला होता आणि निघायच्या गडबडीत होता. "सही करा वहिनी, झालं आता सगळं."

वहिनींनी पर्समधून लाल पेन्सिलीचा तुकडा काढला आणि पत्र वाचायला घेतलं. पेन्सिल अक्षरांखालून हळूहळू सरकत गेली. 'मुद्रितशोधक तीन या चौकशीअंती निर्दोश ठरल्या असून' इथे ती थांबली.

अर्धा सेकंद झाला, एक झाला, दोन झाले. पेन्सिल उचलली गेली नाही.

"पोटफोड्या ष हवा," वहिनी म्हणाल्या आणि पत्र यादीवाल्याकडे परत सरकवलं. "शुद्ध करून आणा. तोवर मी इथेच बसते."